वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाताना पाळीव प्राणी : नियम, कालगणना आणि परतीची वाट

भिलाई : हावडा–मुंबई लोहमार्गावरील पावर हाउस हे स्थानक आणि त्याभोवतीची बाजारपेठ, नंदिनी मार्ग व कॅम्पच्या वसाहती हा भिलाईचा सर्वांत गजबजलेला भाग. भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारताचा सोव्हिएत संघाशी करार झाला तो १९५५ मध्ये. पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. त्या काळात येथील अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात जात, तर तेथील तज्ज्ञ कुटुंबांसह भिलाईत राहत. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या जुन्या मध्य प्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भाशी या भागाचे जाणे-येणे आणि मराठी कुटुंबांची वस्ती ही कारखान्याहूनही जुनी. परदेशगमन या नगराला नवे नाही. नवा आहे तो त्यासोबत येणारा एक प्रश्न. बारावीनंतर वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया किंवा युरोपातील एखाद्या देशाचा विचार होऊ लागला, की घरात लहानपणापासून वाढलेल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे काय करायचे?

बहुतेक कुटुंबे या प्रश्नाकडे भावनेचा किंवा फार तर विमानभाड्याचा प्रश्न म्हणून पाहतात. प्रत्यक्षात तो दिनदर्शिकेचा प्रश्न आहे. वैद्यकीय प्रवेशाचे वेळापत्रक राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेभोवती, म्हणजे ‘नीट’भोवती फिरते, तर प्राण्याच्या प्रवासाचे वेळापत्रक रेबीज या एका रोगाभोवती. ही दोन वेळापत्रके अनेक देशांच्या बाबतीत एकमेकांत बसत नाहीत. आणि ज्या देशांच्या बाबतीत बसतात, तेथून प्राण्याला परत आणण्याची वाट जाण्यापेक्षा अवघड ठरू शकते.

रेबीजचे चार महिने

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. त्यामुळे रेबीज आटोक्यात आणलेले देश भारतातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना अधिक कठोर गटात ठेवतात. युरोपीय संघाच्या प्रवेशसुलभ देशांच्या यादीत भारत नाही. परिणामी जर्मनी, पोलंड, रुमानिया, बल्गेरिया यांपैकी कोठेही प्राणी न्यायचा झाल्यास तीन गोष्टी ठरावीक क्रमाने कराव्या लागतात.

पहिली, आंतरराष्ट्रीय मानकाची पंधरा अंकी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्यक सुईने मानेजवळच्या त्वचेखाली बसवतात. दुसरी, रेबीजची लस. ती प्राणी बारा आठवड्यांचा झाल्यावरच ग्राह्य धरली जाते. तिसरी, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन प्रतिपिंडांची चाचणी. ती संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते आणि प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एककांहून कमी चालत नाही. एवढ्यावर संपत नाही. नमुना घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. लागण झालेली असूनही लक्षणे न दिसलेला प्राणी या काळात उघड व्हावा, हा त्यामागचा हेतू.

या क्रमातच सर्वाधिक कुटुंबांना अडवणारा खाचखळगा आहे. चिप बसवण्याआधी टोचलेली लस हिशेबात धरली जात नाही, कारण ती नेमकी याच प्राण्याला दिली होती याचा पुरावा राहत नाही. भारतात बहुसंख्य पाळीव कुत्र्यांना दरवर्षी नियमित लस मिळते, पण चिप नसते. अशा कुत्र्याच्या लसपुस्तिकेत सलग सात-आठ वर्षांच्या नोंदी असल्या, तरी युरोपच्या दृष्टीने गणना चिपनंतरच्या पहिल्या लसीपासून सुरू होते.

आता हे चार महिने ‘नीट’च्या तारखांशेजारी ठेवून पाहावेत. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली आणि निकाल जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागला. परदेशी विद्यापीठांची सत्रे साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. निकाल हाती आल्यावर पंधरा जूनला चिप व लस, पंधरा जुलैला रक्तनमुना असा धावता हिशेब केला, तरी प्राण्याला युरोपात प्रवेश मिळण्याचा पहिला दिवस पंधरा ऑक्टोबरच्या सुमारास येतो. प्रवेशपत्र आणि व्हिसा येईपर्यंत थांबलेल्यांच्या बाबतीत तो नववर्षापलीकडे जातो. म्हणजे निर्णय झालेला नसतानाच, परीक्षेच्या आधी, हिवाळ्यातच चिप आणि लस उरकणे हा एकच मार्ग उरतो. विद्यार्थी अखेर रायपूरच्या किंवा दुर्गच्याच महाविद्यालयात दाखल झाला, तरी चिप आणि लस वाया जात नाहीत. खर्च अंगावर येण्याची शक्यता असते ती चाचणीचा.

देशोदेशीची तऱ्हा

ब्रिटनचे नियम युरोपीय संघासारखेच आहेत, चाचणी आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा तेथेही आहे. शिवाय कुत्र्याला प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या अवधीत फीतकृमीचे औषध पशुवैद्यकाकडून द्यावे लागते. विमानाने येणारा पाळीव प्राणी तेथे सामान म्हणून नव्हे, तर मालवाहतूक म्हणून उतरवला जातो. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा-मांजर स्वीकारतच नाही. तो आधी मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात नेऊन तेथून आणावा लागतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या विद्यार्थ्याने हा विचार सोडलेलाच बरा.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तेथे वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश पदवीनंतर मिळतो. त्यामुळे भारतातून जाणारे बहुतेक जण येथे एम.बी.बी.एस. पूर्ण करून निवासी डॉक्टर म्हणून जातात. निवासी जागांची निवड मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी जाहीर होते आणि काम सर्वसाधारणपणे जुलैच्या प्रारंभी सुरू होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठी नवे नियम लागू केले. त्यांनुसार कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप बसवलेला हवा. भारतासारख्या उच्च जोखमीच्या देशात लस दिलेल्या कुत्र्यासाठी शासकीय पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला अर्ज, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आणि ठरावीक विमानतळांवरील नोंदणीकृत प्राणीगृहात आरक्षण, असे सर्व लागते. नमुना लसीनंतर ३० दिवसांनी आणि आगमनापूर्वी किमान २८ दिवस घेतलेला असावा. चाचणी नसेल, तर २८ दिवसांचे विलगीकरण स्वखर्चाने सोसावे लागते. मार्च ते जुलै या अवधीत हे बसते. मांजरांना हे नियम लागू नाहीत.

भारतीय विद्यार्थ्यांची मोठी संख्या मात्र जाते ती मध्य आशिया आणि रशियात. रशिया, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान हे तिन्ही युरेशियन आर्थिक संघाचे सदस्य आहेत. तेथे स्वतःसोबत नेलेल्या दोनपर्यंत प्राण्यांना स्वतंत्र आयात परवाना लागत नाही. वैध लस आणि पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर भागते. फिलिपाइन्समध्ये तेथील पशुउद्योग विभागाची आगाऊ परवानगी आवश्यक असते. थोडक्यात, ज्या देशांत प्रवेश सर्वांत सोपा, तेथेच प्राण्याचा प्रवेशही सोपा. अडचण असते ती निवासाची. पहिल्या वर्षाचे परदेशी विद्यार्थी बहुधा विद्यापीठाच्या वसतिगृहात ठेवले जातात आणि वसतिगृहांत साधारणतः प्राण्यांना मनाई असते. भाड्याच्या सदनिकेत राहायचे तर घरमालकाची लेखी संमती प्रवेश निश्चित करण्याआधी मिळवणे इष्ट. विमानतळावर उतरलेल्या प्राण्याला ठेवायला जागा नाही, ही अवस्था कागदपत्रांतील त्रुटीहूनही वाईट.

पावर हाउस ते विमानतळ

प्राण्याला देशाबाहेर नेण्यासाठी केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या अखत्यारीतील पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे निर्यात आरोग्य प्रमाणपत्र लागते. या सेवेची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद येथे आहेत. छत्तीसगडमध्ये एकही नाही. लस, चिप, रक्तनमुना आणि स्थानिक पशुवैद्यकाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र ही कामे भिलाई-दुर्गमध्ये होऊ शकतात. दुर्गजवळच्या अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय असून, राज्याचे कामधेनू विद्यापीठही तेथेच आहे. अखेरची तपासणी मात्र प्रवासाच्या काही दिवस आधी केंद्राच्या शहरात होते.

भूगोलाने पावर हाउसच्या रहिवाशांसमोर दोन पर्याय ठेवले आहेत. एकाच लोहमार्गावर पश्चिमेला सुमारे १,१०० किलोमीटरवर मुंबई आणि पूर्वेला सुमारे ८६० किलोमीटरवर हावडा, म्हणजे कोलकाता. दोन्हीकडे पशु विलगीकरण केंद्र आहे. अंतर कोलकात्याचे कमी असले, तरी मराठी कुटुंबाला मुंबईत किंवा वाटेत नागपुरात नातलगांचा आसरा मिळण्याची शक्यता अधिक, आणि प्राण्यासह चार-पाच दिवस मुक्काम करायचा असेल तर ही बाब अंतराहून महत्त्वाची ठरते.

रेल्वेच्या नियमांनुसार कुत्रा प्रवाशासोबत फक्त वातानुकूलित प्रथम श्रेणीत आणि तोही दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांचा कक्ष संपूर्णपणे त्याच प्रवाशांच्या नावे असेल तरच नेता येतो. द्वितीय वा तृतीय वातानुकूलित श्रेणीत आणि शयनयानात त्याला मज्जाव आहे. दुसरा मार्ग म्हणजे ब्रेक व्हॅनमधील श्वानपेटी. दोन्हींसाठी पार्सल कार्यालयात लसीचे प्रमाणपत्र दाखवून नोंदणी करावी लागते. त्यासाठी पावर हाउसच्या छोट्या थांब्यापेक्षा शेजारचे दुर्ग जंक्शन सोयीचे. उन्हाळ्यात श्वानपेटीचा विचारही करू नये. मे-जूनमध्ये या पट्ट्यातील पारा ४० अंशांच्या वर असतो आणि धातूच्या त्या पेटीत वारा खेळत नाही.

रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून देशांतर्गत विमानाने जाता येते, परंतु सर्व विमानकंपन्या प्राणी नेत नाहीत, आणि नेणाऱ्यांच्या वजनमर्यादा लहान जातींनाच परवडणाऱ्या असतात. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पिंजरा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे असावा लागतो. प्राण्याला त्यात ताठ उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वसनाच्या धोक्यामुळे अनेक कंपन्या मालकक्षात घेत नाहीत. प्रवासात शांत राहावा म्हणून झोपेचे औषध देण्याची प्रथा घातक असून विमानकंपन्या त्याला विरोध करतात. पिंजऱ्याची सवय निघण्याच्या आठवड्यात नव्हे, तर दोन-तीन महिने आधी, त्यातच जेवण देऊन लावावी, असा पशुवैद्यकांचा आग्रह असतो.

घरोघरी पिंजऱ्यात दिसणाऱ्या मिठूविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने संरक्षित आहे. त्याला पाळणेच बेकायदा असल्याने परदेशी नेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

युद्धाने दाखवलेली बाजू

परतीच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष गेले ते २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ‘ऑपरेशन गंगा’द्वारे सुमारे २२,५०० भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. त्यांत मोठा भरणा वैद्यकीय विद्यार्थ्यांचा होता आणि छत्तीसगडचे विद्यार्थीही त्यांत होते. काहींनी शिक्षणाच्या काळात तेथेच कुत्री-मांजरे पाळली होती. विनित्सा येथील वैद्यकीय विद्यापीठात शिकणारी केरळची एक विद्यार्थिनी काही महिन्यांच्या सायबेरियन हस्कीसह रुमानियाच्या सीमेपर्यंत पोहोचली. सामानातील वस्तू मागे टाकून तिने कुत्रा आणला. दिल्लीत उतरल्यावर पुढच्या देशांतर्गत प्रवासासाठी एका विमानकंपनीने त्या कुत्र्याला नकार दिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. युद्धभूमीतून सुटलेला प्राणी आपल्याच राजधानीत अडावा, हे चित्र अनेकांना खटकले. अखेर ती दोघे केरळात पोहोचली.

सरकारने त्या वेळी युक्रेनमधून येणाऱ्या भारतीयांच्या पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी एकवेळची सवलत जाहीर केली. युरोपीय संघातील शेजारी देशांनीही निर्वासितांच्या प्राण्यांसाठी चिप व चाचणीच्या अटी शिथिल केल्या. या सवलतींची गरज का भासली, हे समजून घेणे आजच्या विद्यार्थ्याला आवश्यक आहे.

भारतात पाळीव प्राणी सामानाचा भाग म्हणून आणण्याची मुभा मूलतः निवास बदलून परतणाऱ्यांसाठी, म्हणजे दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परत येणाऱ्यांसाठी आहे. इतरांना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवान्याची वाट धरावी लागते. २०१६ मध्ये कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर आणखी निर्बंध आले. प्राणी आणण्यापूर्वी पशु विलगीकरण सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि उतरायचे ते या सेवेचे केंद्र असलेल्या शहरातच. आता एखाद्या विद्यार्थ्याची स्थिती पाहावी. पहिल्याच वर्षी भाषा, हवामान किंवा पैशाची ओढाताण असह्य होऊन तो शिक्षण सोडून परतला, तर दोन वर्षांची अट पुरी होत नाही. उन्हाळी सुटीत दोन महिन्यांसाठी घरी येणे हे निवास बदलणे नव्हे. भारतातून सहज बाहेर पडलेले, भिलाईत जन्मलेले गावठी कुत्रेदेखील परत येताना कायद्याच्या लेखी आयात ठरते.

सुखरूप परत येण्याची शक्यता ज्यांच्यासाठी मुळातच नव्हती, असेही एक उदाहरण त्याच युद्धात पुढे आले. आंध्र प्रदेशातून २००७ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनला गेलेले आणि तेथेच स्थायिक झालेले एक अस्थिरोगतज्ज्ञ पूर्व युक्रेनमधील सेव्हेरोदोनेत्स्क येथे एक जॅग्वार आणि एक काळा पँथर पाळत होते. त्यांना सोडून येण्यास नकार देत ते तळघरात राहिले. पुढे त्याच वर्षी उपजीविकेसाठी त्यांना पोलंडला जावे लागले आणि प्राणी एका स्थानिक शेतकऱ्याच्या हवाली करावे लागले. मोठी मार्जारकुळे पाळण्याची परवानगी एका देशात मिळणे आणि ती दुसऱ्या देशाने मान्य करणे, या भिन्न गोष्टी आहेत.

सहा वर्षांचा हिशेब

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता असावी लागते. परतल्यावर पात्रता परीक्षा आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता. मध्येच विद्यापीठ बदलण्याला वाव नाही. म्हणजे देश एकदा निवडला, की साडेपाच ते सहा वर्षे बांधिलकी आली. मध्यम आकाराच्या कुत्र्याचे आयुष्य दहा ते तेरा वर्षांचे धरले, तर हा काळ त्याच्या आयुष्याचा जवळपास अर्धा भाग होतो. बारावीच्या विद्यार्थ्यासोबत वाढलेला कुत्रा त्या वेळी सात-आठ वर्षांचा असेल, तर तो परदेशातच वृद्ध होणार, आणि शवविच्छेदन कक्ष व रुग्णालयातील पाळ्या यांतून त्याच्या आजारपणासाठी वेळ काढावा लागणार. अशा प्राण्याला आई-वडिलांकडे ठेवणे हा कमीपणा नव्हे. उलट, तरुण आणि निरोगी प्राण्याच्या बाबतीतही पहिल्या वर्षी त्याला घरीच ठेवून दुसऱ्या वर्षी नेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

युरोपच्या नियमांत त्याला सोय आहे. प्रतिपिंड चाचणी एकदा उत्तीर्ण झाली आणि त्यानंतर रेबीजची लस मुदत न चुकवता देत राहिले, तर चाचणी पुन्हा करावी लागत नाही. एक दिवसाचाही खंड पडला, तर मात्र सारा क्रम नव्याने सुरू होतो. तेव्हा भिलाईतील घरच्यांनी सांभाळायची महत्त्वाची वस्तू म्हणजे लसपुस्तिका. प्राण्याला एकट्याने मागाहून पाठवण्यातही एक अट आहे. मालकाच्या प्रवासाच्या आधी वा नंतर पाच दिवसांच्या आत त्याने प्रवास केला नाही, तर ती खासगी वाहतूक न राहता व्यापारी समजली जाते आणि नियम बदलतात. मालकाने लेखी अधिकार दिलेल्या नातलगालाही त्याच पाच दिवसांत प्राणी नेता येतो. म्हणून पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन सुटीसाठी घरी आलेल्या विद्यार्थ्याने, चार महिन्यांचा क्रम घरच्यांकडून पूर्ण करवून घेतलेला असल्यास, परतीच्या प्रवासात प्राण्याला सोबत नेणे सोयीचे. तोवर वसतिगृह सोडून भाड्याची जागा मिळालेली असते आणि त्या शहरात पशुवैद्यक कोठे आहे, हेही ठाऊक झालेले असते.